विहिरीच्या पाण्याचं शून्य

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काल भाऊबीज झाली आणि आज मी अमरावतीत नोकरीवर रुजू झाले. आईने पिशवीत चकल्या, अनरसे आणि सल्ले भरून दिले होते. चकल्या मूर्तिजापूर यायच्या आत संपल्या, सल्ले अजून शिल्लक आहेत. त्यातला मुख्य सल्ला, तोंड आवर. अकोल्याची खताच्या कारखान्यातली नोकरी मी तोंडामुळे घालवली असं बोरगावात आमच्या घरी एकमताने ठरलेलं आहे. खरं म्हणजे पोत्यावर छापलेला आकडा माझ्या तपासणीत येत नव्हता आणि मी सही करत नव्हते, एवढंच झालं होतं. असो. नवी नोकरी, नवी वही.

कारखाना मोर्शी रोडवर आहे. पंचवटी चौकातून कंपनीची गाडी नेते. पूर्वी इथे संत्र्याची बाग होती. पंधरा-वीस झाडं आणि मधली दगडी विहीर अजून ठेवली आहे. बाहेरच्या भट्ट्यांमध्ये धातूचं खनिज भाजतात, त्याचा धूर पाण्याने धुतात आणि ते आंबट पाणी टँकरने आमच्याकडे येतं. त्यात रेनियम नावाचा दुर्मीळ धातू असतो. टँकरभर पाण्यात चिमूटभर, पण ती चिमूट विमानाच्या इंजिनात जाते म्हणून तिचा एवढा तोरा. ती किती आहे हे रंगावरून सांगायचं, हे माझं काम.

प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली खुशालराव आहेत. पंचवीस वर्षांची नोकरी, डोक्याला टोपी, आणि बाटल्या अशा पुसतात की त्यांच्या घरची भांडीही एवढी पुसली जात नसतील. मालक ईशान साहेब, वय बत्तीस, बोलायला अगदी नम्र. कारखाना त्यांच्या आजोबांनी काढला, मोरोपंतांनी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या अक्षरातली एक ओळ रंग मोजायच्या यंत्राच्या वर फ्रेम करून लावली आहे: ‘शून्य आपल्याच पाण्याने लावावे.’

साईनगरात गोदाबाईंकडे खोली मिळाली. त्यांनी भाड्याआधी माझी जात, पगार आणि लग्न, तिन्ही विचारून घेतलं. संध्याकाळी गिला वडा खाल्ला. मी खूश आहे, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुरकुर करताना आठवेल.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम साधं आणि देखणं आहे. नमुन्यात आम्ल टाकायचं, मग थायोसायनेट. लगेच लालभडक होतं, पण तो रंग लोखंडाचा. लोखंड सगळीकडे असतंच. मग टिनचं क्लोराईड टाकलं की लाल विरून जातो आणि मागे उरतो रेनियमचा पिवळा-नारिंगी. तो काचेच्या चौकोनी क्युव्हेटमध्ये भरून यंत्रात ठेवायचा. जितका रंग गडद, तितका आकडा मोठा.

त्याआधी रोज सकाळी आठला यंत्राला शून्य दाखवावं लागतं. म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं असलेलं पाणी ठेवायचं आणि बटण दाबायचं. त्या पाण्यात जे काही असेल ते यंत्र दिवसभर सगळ्यातून वजा करतं. इथे त्यासाठी विहिरीचं पाणी वापरतात. कोपऱ्यात निळा ड्रम आहे, तो कधी रिकामा करत नाहीत, नुसती भर घालतात. मोरोपंतांचं म्हणणं असं की कारखान्यातलं प्रत्येक द्रावण विहिरीच्या पाण्याने बनतं, तेव्हा शून्यही त्याचंच असावं. तर्क बरोबर आहे. मीही परीक्षेत असंच उत्तर लिहिलं असतं.

दुपारी पिपेट फुटली आणि उजव्या अंगठ्यात काच गेली. नळ लांब होता, ड्रम जवळ. मी हात सरळ ड्रममध्ये बुडवला. खुशालरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मॅडम, त्या ड्रमात हात कावून घातला तुमी?” मी म्हटलं, सांडलं असेल दोन थेंब रक्त, ड्रम धुऊन टाकू. तर म्हणाले, तो ड्रम धुवायचा नसतो, आणि मीही कावून, म्हणजे का, विचारलं तर ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना. “असंच निघालं तोंडातून,” म्हणाले. चांगले माणूस आहेत, जरा भाबडे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

फाटकाशी कडुनिंबाखाली एक बाई बसलेली दिसली. पन्नाशीची, हिरवं पातळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, शेजारी पाण्याची स्वतःची बाटली. गेटवरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, दर शुक्रवारी येते, डोकं फिरलेलं आहे. मला असं कुणी कुणाबद्दल म्हटलं की त्याच माणसाशी बोलावंसं वाटतं.

नाव जमुना. मोर्शीकडची. तिचे मालक, म्हणजे नवरा, इथे नमुने काढायच्या कामावर होते, लांब दांडीला बाटली बांधून टाकीतून, विहिरीतून पाणी काढायचे. तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन आले ते परत गेले नाहीत. कारखान्यात म्हणतात, असा माणूस इथे कधी नव्हताच. हजेरीत नाव नाही, कुणाला चेहरा आठवत नाही. तिच्या गावातही तेच, आठवतो तो फक्त तिला. पदर सावरत तिने नाव घेतलं, नत्थुजी.

मी विचारलं, तुम्हाला काय हवं आहे? “काई नको, बाई. मले फक्त कुंकू पुसाचं का लावाचं, तेवढं सांगून द्या.”

हे ऐकून मी गप्प बसणाऱ्यातली नाही. शोधते म्हणून सांगून आले. शब्द दिला आहे, वहीतही लिहिते.

११ नोव्हेंबर, सोमवार

जुन्या नोंदवह्या काढल्या. प्रत्येक नमुन्यापुढे चार रकाने आहेत. तारीख, टाकी, आकडा, आणि नमुना कोणी काढला. २०११ च्या ऑगस्टपर्यंत चौथा रकाना कोरा आहे. सलग सात वर्षं, रोज, कोरा. त्यानंतर खुशालरावांच्या सह्या सुरू होतात. म्हणजे आधीची सात वर्षं बाटल्या आपल्या पायाने चालत आल्या.

खुशालरावांना दाखवलं. बघून म्हणाले, कोरंच असेल पयल्यापासून. मी बोट फिरवलं तर कागदावर सहीचा दाब हाताला लागतो. पेन चाललेलं आहे, शाई नाही.

ईशान साहेबांनाही विचारलं. नत्थुजी नावाचं कुणी नव्हतं, असं अगदी सरळ डोळ्यांनी म्हणाले. खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. हे खोटं बोलत नव्हते, आणि त्यामुळेच मला बरं वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज भलतंच सुचलं. विहिरीच्या पाण्यात स्वतःचं काय आहे? यंत्राला विचारलं तर शून्य म्हणणार, कारण आपणच त्याला तसं शिकवलंय. इथला ऊर्ध्वपातनाचा संचही त्याच पाण्यावर चालतो. तेव्हा बाहेरचं पाणी पाहिजे. उद्या कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी आहे, खुशालराव घरच्यांना घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला चाललेत. मी अकोल्याला जाते. कॉलेजातले माझे सर दोन बाटल्या शुद्ध पाणी देतील. खुशालरावांनी जत्रेतून काय आणू विचारलं, मी म्हटलं बत्तासे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

 सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आठला मी अकोल्याच्या पाण्याने शून्य लावलं. खुशालराव कुरकुरले, पण बत्ताशांचा पुडा उघडून शेजारी उभे राहिले. मग विहिरीतून ताजं पाणी आणलं, आम्ल टाकलं, थायोसायनेट टाकलं. लाल झालं. टिन टाकलं. लाल गेला नाही. आणखी टाकलं. गेला नाही. रोज मी हेच पाणी वापरते आणि रोज ते मला स्वच्छ दिसत आलं आहे.

आकडा ०.४१२. मग ड्रममधलं घेतलं. ०.४३१. फरक का, कळेना. तेवढ्यात खुशालरावांच्या हातातून पुडा पडला.

ते खिडकीबाहेर बघत होते. विहिरीच्या काठावर एक माणूस उभा होता. अंगात कारखान्याचा जुना निळा शर्ट, हातात लांब दांडी, दांडीला बाटली. भर उन्हात उभा होता. पाण्यात वाकून बघत नव्हता, आमच्याकडे बघत होता.

“नत्थू,” खुशालराव म्हणाले. मग रडायलाच लागले. “माह्या संगं जेवत होता तो. सात वर्सं. एका डब्यात. मी त्याले इसरलो कसा, मॅडम? पंपाचं झडप अडकलं म्हून तो खाली उतरला अन्—”

नोंदवही समोर उघडी होती. चौथ्या रकान्यात सह्या होत्या. ओळीने, निळ्या शाईत, पान भरून. नत्थुजी, नत्थुजी, नत्थुजी.

त्या वेळी ईशान साहेब आत आले. त्यांनीही खिडकीतून पाहिलं, आणि चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझी बाटली मोरीत ओतली, ड्रमचं पाणी यंत्रात ठेवलं आणि शून्याचं बटण दाबलं.

खुशालरावांनी डोळे पुसले आणि विचारलं, आपण कायबद्दल बोलून राह्यलो होतो? विहिरीवर कुणी नव्हतं. रकाना कोरा. आठवत होतं ते फक्त मला. साहेब मला म्हणाले, गीतांजली मॅडम, पद्धत बदलायची नाही, आणि का म्हणाले ते त्यांनाच ठाऊक नव्हतं, हे मला दिसलं.

आता कळलं. नत्थुजी विहिरीत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नेहमीप्रमाणे त्याच पाण्याने शून्य लागलं, आणि माणूस वजा झाला. कुणी त्यांना काढायलाही गेलं नाही, कारण कुणी आत आहे हेच कुणाला आठवेना.

दुसरी बाटली खोलीवर आहे. ती मी सांभाळणार आहे. मला भीती वाटतेय, नाकारत नाही, पण रागही तेवढाच आलाय, आणि मला दोन्ही एकदम आलं की राग पुढे असतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

बोरगावला जाऊन मतदान करून आले. बाबा मजुरांना कपाशी वेचायला लावून आले होते, सगळ्यांनी रांगेत बोटं दाखवून फोटो काढला. बोटावरची शाई आणखी महिनाभर हलत नाही. चांदीचं मीठ असतं त्यात, कातडीत जाऊन बसतं. घासलेटनेही जात नाही, मी कॉलेजात करून पाहिलेलं आहे.

आईला यातलं काही सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी प्रयोगशाळेत हात धुतले. दुपारी बोट पाहिलं. शाई नाही. पुसट नाही, डाग नाही, काही नाही. खुशालरावांनीही त्याच पाण्याने हात धुतले. त्यांची शाई आहे.

हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. चार वेळा ठेवला. उजवा. काच गेली होती तोच.

आणि मग ड्रममधला फरक समजला. ०.४३१ मधून ०.४१२ गेले, राहिले ०.०१९. ती मी आहे, ड्रममध्ये सांडलेलं माझं रक्त; म्हणूनच बहुधा मी विसरले नाही. सहा तारखेपासून रोज सकाळी आठला मी थोडी थोडी वजा होतेय.

शून्य पूर्णांक शून्य एक नऊ. आई म्हणेल, आणखी जरा जेवत जा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

चहा दोनच कप आला. खुशालरावांचा आणि गेटवरच्या माणसाचा. मी माझा मागितला तर खुशालराव दचकले, हो हो म्हणाले, आणायला गेले आणि आलेच नाहीत.

ड्रम ओतून द्यायचा म्हणून ढकलला. हलला नाही. बादलीने उपसला. वीस बादल्या मोरीत ओतल्या, पाणी तेवढंच.

जमुनाबाई फाटकाशी होत्या. गेटवाल्याने मला येताना पाहिलं नाही, त्यांनी पाहिलं. सरकून सावलीत जागा केली. मी सगळं सांगितलं. विहिरीवर कोण दिसलं, खुशालराव कसे रडले, मग कसे विसरले. त्या रडल्या नाहीत. कुंकवाला हात लावला.

मग म्हणाल्या, तुमी सांगतलं ते खरं हाय बाई, पण तुमी त्याले पायलं नव्हतं जिता असताना. खुशालरावनं सांगाव. त्याच्या ताटातलं खाल्लं हाय त्यानं.

मी विचारलं, मी तुम्हाला कशी दिसते? “तेरा वर्सं झाली न दिसणाऱ्याले पाहून राहिली मी. सवय हाय मले.”

पुढच्या शुक्रवारी त्यांना आत नेणार. कारखान्यातल्या माणसाच्या तोंडून त्यांना ऐकवणार. शब्द म्हणजे शब्द.

२५ नोव्हेंबर, सोमवार

नोंदवहीतल्या माझ्या सह्या गेल्या. चार तारखेपासूनच्या सगळ्या. बोट फिरवलं की दाब लागतो. मी त्याच जागी पुन्हा केल्या. जोरात. पान फाटलं.

तीनला पाहिलं — फाटलेलं पान तिथे आहे. सही नाही.

पुन्हा केली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

माझ्या स्टुलावर एक मुलगी बसली होती. प्राजक्ता. चांदूर रेल्वेची, नुकतीच एम. एस्सी. झालेली, पेन केसांत खोचलेलं. ईशान साहेब तिला सांगत होते की जागा दिवाळीपासून रिकामीच आहे, बरं झालं तुम्ही आलात.

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, रिकामी नाही. मोठ्याने म्हटलं. खुशालरावांनी पंखा बारीक केला.

तिने फ्रेम वाचली. आपल्याच पाण्याने. हुशार पोर आहे, का म्हणून विचारलं. साहेबांनी तर्क सांगितला. तर्क बरोबर आहे, म्हणाली.

बटण दाबलं. माझ्या कानात दडे बसल्यासारखं झालं — मग थांबलं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

गोदाबाईंनी दारावर पाटी लावली, खोली भाड्याने देणे आहे. मी आत होते. मी पाटी काढली. त्यांनी पुन्हा लावली. पाच वेळा. सहाव्यांदा मी ती चुलीत घातली.

बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. एक बाई माझ्या मांडीवर बसायला आली.

आईला फोन लावला. कोण, म्हणाली. गीता म्हटलं. कोण गीता, म्हणाली — आवाज तिचाच, मागे बाबांचा रेडिओ — रॉंग नंबर आहे म्हणाली आणि ठेवला.

मी पळू शकते. पण कुठे? अकोल्याला जाऊन कुणाच्या दारात उभी राहू? इथे निदान मला माहीत आहे की बटण कुठलं आहे.

रडले. रडून झालं. बाटली उशाशी आहे. अजून भरलेली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आरशात — नको. ते नाही लिहीत.

उद्या शुक्रवार. न दिसण्याचा एक फायदा आहे. मला कुणी अडवणार नाही. प्राजक्ता शून्याचा क्युव्हेट भरून ठेवते आणि हात पुसायला वळते. तेवढा वेळ पुरे. मी तो ओतणार आणि अकोल्याचं पाणी भरणार. बटण तीच दाबेल.

मग जेवढा वेळ मिळेल तेवढा. एक मिनिट मिळालं तरी चालेल. खुशालरावांना एकच वाक्य बोलायचं आहे.

मला घाबरवायचं होतं तर त्या विहिरीने दुसरं कुणीतरी निवडायला हवं होतं. मी खताच्या पोत्यापुढे वाकले नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सात पन्नास. प्रयोगशाळा. फाटकाची कडी मीच काढली. जमुनाबाई आत आल्या, गेटवाला जांभई देत होता. त्या दारापाशी उभ्या आहेत. त्यांची पिशवी माझ्या पायाशी. वही शेवटी त्या पिशवीत टाकायची असं ठरलंय. या आवाराबाहेर राहील ती.

प्राजक्ताने विचारलं, मावशी, कुणाला भेटायचं? बसते जरा, म्हणाल्या.

आठ. क्युव्हेट भरला. वळली —

बदललं. हात ओला आहे, त्यामुळे शाई फुटलीय.

बटण दाबलं.

खुशालराव दारात, हातात चहाची किटली. जमुनाबाईंकडे बघतायत. किटली खाली ठेवली. हळूच. जमिनीवर बसले.

“वयनी.”

वहिनी म्हणाले. तेरा वर्षांनी.

सांगतायत. सगळं सांगतायत — पंपाचं झडप अडकलं होतं, सकाळचे दहा, नत्थू दोर धरून उतरला, आत हवा खराब होती, एकदा हाक मारली त्याने आणि मग नाही. दोर हातात ढिला आला. माह्या हातात ढिला आला वयनी. अन् दुसऱ्या दिवशी मी डबा खाल्ला, पुरा, एकट्यानं, अन् मले वाटलं आज भाकरी जास्त कावून हाय.

जमुनाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनीच.

मग पदराचं टोक कपाळाकडे नेलं. एकदा. दोनदा.

पुसलं.

खिडकीबाहेर नत्थुजी आहेत. दांडी काठावर टेकवून ठेवलीय. तेही बसलेत.

खुशालरावांनी वर पाहिलं. माझ्याकडे. मॅडम, तुमी कवा आल्या? मी म्हटलं, चार तारखेला.

प्राजक्ता — शहाणी पोर — तिने कुणी न सांगता ड्रममधलं पाणी घेतलं, सगळं टाकलं, टिन टाकलं. लाल. जात नाहीये. तिने क्युव्हेट आत ठेवला. आकडा चढतोय.

ईशान साहेब आले. दारातच थांबले. रडतायत. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, म्हणतात. मीच त्याला उतर म्हटलं होतं. आजोबांनी काही लपवलं नाही, आजोबांनी फक्त सकाळी शून्य लावलं — आणि मला इतकं बरं वाटलं — इतकं —

ते यंत्राकडे येतायत. प्राजक्ता आडवी आली. खुशालरावांनी पाय धरला त्यांचा. पण हात लांब आहे. बोट बटणाकडे —

दाबा साहेब. आत ड्रमचं पाणी आहे, मला ठाऊक आहे काय होईल. दाबून बघा. त्या बाईच्या कपाळावर आता कुंकू परत येणार नाही.

आकडा थांबला. ०.८२४. बरोबर दुप्पट. प्राजक्ता, लिहून घे. वजा करू नकोस. ०.४१२ नत्थुजी. आणि तेवढीच मी, बोरगावची, गीतांज